कोड मोकळा ठेवायचा, तर हक्क आधी आपला हवा: कॉपीलेफ्ट परवाना पायरीपायरीनं

मागच्या कापूस हंगामात आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या सचिवांचा फोन आला. त्यांच्या काट्यावर काटापट्टी काढणारं आणि शेतकऱ्याच्या खात्यात नोंद टाकणारं सॉफ्टवेअर आम्ही नुकतंच बसवून दिलं होतं. सचिव म्हणाले, "भाऊ, हे तं फ्री हाय म्हणता न तुमी, मंग याले लायसन कायले पायजे? अन् लायसन हाय, तं मंग आमी बाजूच्या कंपनीले देऊ शकतो का नाई?"

फोनवर मी त्यांना दहा मिनिटं समजावलं आणि नीट समजावता आलं नाही. हा लेख त्या उत्तराची पूर्ण आवृत्ती आहे. तालुक्याच्या गावी बसून सॉफ्टवेअर लिहिणारे, ईआरपी (संस्थेचा सगळा हिशेब आणि नोंदी एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून देणारे, मोटरपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवणारे आता बरेच झालेत. त्यातले बहुतेक जण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे आहेत, पण परवान्याचा मजकूर उघडून वाचलेला मला क्वचित भेटतो.

मराठीत एक सोय आहे. इंग्रजीत एकाच शब्दात 'फुकट' आणि 'मुक्त' दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे त्यांना पानभर खुलासा करावा लागतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तेवढे वापरले तरी अर्धा गोंधळ जातो. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे वापरायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळं; फुकट असेलच असं नाही.

मालकीच्याच कायद्यातून काढलेली वाट

पवनारचं नाव वर्ध्यात कुणाला सांगावं लागत नाही. विनोबांच्या ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसणूक कुटुंबाकडेच राहते, आणि जमीन गावाबाहेर विकता येत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा ग्रामदान कायदा आहे. यात मालकी ही गोष्ट पुसून टाकलेली नाही. मालकीच्या कायद्याचाच आधार घेऊन जमीन गावाची राहील अशी तजवीज केली आहे.

कॉपीलेफ्ट असंच चालतं. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, याची पहिली आवृत्ती आली. कोड, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, जगाला देऊन टाकायचा आणि त्यावर कुठलाच हक्क ठेवायचा नाही, हा रस्ता तेव्हाही होता. पण तसा दिलेला कोड कुणीही उचलून, चार ओळी बदलून, कुलूप लावून विकू शकतो. म्हणून हक्क सोडायचा नाही. तो हातात ठेवून सगळ्यांना परवानगी द्यायची, आणि परवानगीला एक अट बांधायची: पुढे देताना याच अटींवर द्या.

म्हणून पहिल्याच पानावर सांगून ठेवतो. ज्याच्याकडे कॉपीराइट नाही, त्याला कॉपीलेफ्ट लावता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

कायदा नेमकं काय धरतो

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या व्याख्येत संगणक प्रोग्राम 'साहित्यिक कृती'त मोडतो, कथा-कवितेच्या शेजारी. कोड लिहिला की हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. मुदत लेखकाचं आयुष्य आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. कलम १४ सांगतं की प्रती काढणं, प्रती लोकांना देणं, बदल करून नवं रूप देणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हे हक्क फक्त मालकाचे.

याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवर उघडा पडलेला, पण सोबत कुठलाच परवाना नसलेला कोड तुम्ही वाचू शकता. तो आपल्या प्रोग्राममध्ये घालून गिऱ्हाइकाला देण्याची परवानगी मात्र तुम्हाला कुणी दिलेली नाही. उघडं दार म्हणजे निमंत्रण धरू नका.

कायदेशीररीत्या मिळालेली प्रत चालवायला किंवा तिची राखीव प्रत ठेवायला कलम ५२ मोकळीक देतंच. जीपीएलची तिसरी आवृत्तीही म्हणते की प्रत मिळवायला किंवा चालवायला परवाना मान्य करण्याची गरज नाही. तो लागतो बदल करताना आणि पुढे देताना, कारण ती परवानगी दुसरीकडून कुठूनच येत नाही. अट मोडली की परवानगी गेली, आणि परवानगी गेली की तीच कृती कलम ५१ खाली उल्लंघन ठरते. कॉपीलेफ्टचा जोर इथून येतो.

परदेशी न्यायालयांनी हे मान्य केलं आहे. म्युनिकच्या न्यायालयानं २००४ मध्ये जीपीएल मोडणाऱ्या राउटर (इंटरनेट वाटून देणारा डबा) विक्रेत्याविरुद्ध मनाई कायम ठेवली. अमेरिकेत २००८ मध्ये जेकबसन विरुद्ध कॅट्झर या खटल्यात, खेळण्यातल्या रेल्वे चालवणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरवरून, न्यायालयानं सांगितलं की अशा परवान्याच्या अटी मोडणं हा निव्वळ करारभंग नसून कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला उपयोगी आहेत.

एक गैरसमज इथंच मोडून टाकतो. जीपीएलला लोक विरजण म्हणतात: चमचाभर पडलं की अख्खं पातेलं दही. ऐकायला बरोबर वाटतं, कायद्यात मात्र तसं होत नाही. तुमच्या बंद, म्हणजे कोड न देता विकायच्या, प्रोग्राममध्ये जीपीएल कोड मिसळून विकलात, तर तुमचा कोड आपोआप जीपीएल होत नाही. तुम्ही उल्लंघन करत असता. मग एकतर सगळं जीपीएलखाली द्या, नाहीतर तो तुकडा काढून टाका आणि झालेल्या उल्लंघनाची जबाबदारी घ्या. निवड तुमची. दूध मात्र परत मिळू शकतं.

पायरी १: कोड कुणाचा, ते कागदावर आणा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

नोकरीत असताना नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. हे कलम १७ सांगतं. पण कंत्राटावर, ठोक रकमेवर दुसऱ्याकडून लिहून घेतलेला कोड तसा नसतो. पैसे दिले म्हणून तो तुमचा होत नाही. हक्क लिहिणाऱ्याकडे राहतो, आणि त्यानं लेखी, सही करून हस्तांतर केलं तरच तुमच्याकडे येतो.

मी हे महागात शिकलो. आम्ही मोटरपंपाचा मोबाईल स्टार्टरही बनवतो. त्यातला मेसेज पाठवण्याचा भाग तंत्रनिकेतनच्या एका विद्यार्थ्यानं लिहिला होता. ८,००० रुपये रोख दिले, चहा झाला, काम संपलं. दोन वर्षांनी सगळा कोड जीपीएल तिसऱ्या आवृत्तीखाली जाहीर करायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की त्या भागाचा मालक तो आहे आणि तो पुण्याला नोकरीला लागलाय. मुलगा चांगला, आनंदानं सही दिली. तो परदेशात असता किंवा नाराज असता, तर तो भाग पुन्हा लिहावा लागला असता.

त्या कागदावर काय हवं? कृती कोणती ते ओळखता येईल असं नाव आणि आवृत्ती, कोणते हक्क दिले, किती मोबदल्यात, किती मुदतीसाठी, कुठल्या प्रदेशासाठी. शेवटचे दोन मुद्दे गाळू नका. कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. शिवाय घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर उलट काही ठरलेलं नसल्यास तो परत जातो. म्हणून "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, आणि एक वर्षात वापर न झाल्यास हक्क परत जाण्याची तरतूद लागू नाही" असं स्पष्ट लिहा.

हस्तांतर नको असेल तर दुसरा मार्ग साधा आहे. त्यानं आपला भाग आपल्या नावावरच ठेवावा आणि त्याच जीपीएलखाली द्यावा. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, असाच वाढला. २००४ पासून तिथं प्रत्येक जण बदल पाठवताना, हा कोड द्यायचा मला हक्क आहे, अशा अर्थाची एक सहीची ओळ जोडतो. फायदा असा की एकटा कुणी सगळं गिळू शकत नाही. तोटाही तोच. पुढे परवाना बदलायचा तर प्रत्येकाची संमती हवी. कर्नल अजून जीपीएल दुसऱ्या आवृत्तीवरच आहे, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

नोकरी करत संध्याकाळी स्वतःचं काही लिहिणाऱ्यांनी नेमणुकीचं पत्र काढून वाचा. महाविद्यालयात प्रकल्प म्हणून लिहिलं असेल तर संस्थेचा बौद्धिक संपदेचा नियम विचारा.

पायरी २: आत काय काय पडलंय ते मोजा

बसा आणि एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक बाहेरचा तुकडा लिहा: नाव, आवृत्ती, परवाना, कुठून घेतला, आपण बदलला की नाही. आमच्या काटापट्टीचा पाया ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल तिसऱ्या आवृत्तीवर आहे, तर त्याखालचा फ्रॅपे सांगाडा एमआयटी परवान्यावर. स्टार्टर ईएसपी-३२ चिपवर चालतो आणि त्यात आर्डुइनो या, चिपसाठी प्रोग्राम लिहायच्या मुक्त साधनाचा जो गाभा आहे तो एलजीपीएलवर.

ही नावं पाहून घाबरू नका. कामापुरते गट थोडेच आहेत.

एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे सैल परवाने. नाव आणि परवान्याचा मजकूर जपा, बाकी बंद करून विकलंत तरी चालतं. जीपीएल कडक: एकत्र मिळून बनलेला संपूर्ण प्रोग्राम त्याच अटींवर द्यायचा. एलजीपीएल मधला: तो ग्रंथालयांसाठी (लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचे तयार कोडचे संच) आहे. तुमचा प्रोग्राम बंद राहू शकतो, पण वापरणाऱ्याला ते ग्रंथालय बदलून नवं जोडता आलं पाहिजे. छोट्या चिपवर सगळं एकाच फाइलमध्ये शिजतं, तिथं ही अट पाळणं त्रासाचं होतं. आम्ही स्टार्टरचा सगळा कोडच जीपीएल केला आणि तो प्रश्न संपला. लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचं सॉफ्टवेअर ज्या मोझिला परवान्यावर आहे तो फाइलीपुरता चालतो: त्या फाइली बदलल्या तर त्या उघड्या ठेवायच्या, शेजारच्या तुमच्या फाइली तुमच्या. एजीपीएल सगळ्यात पुढे जातो, त्याच्याकडे पुढच्या पायरीत येतो.

मग कुणाचं कुणाशी जमतं ते पाहा. एमआयटीचा कोड जीपीएलमध्ये येऊ शकतो. उलट, जीपीएलचा कोड एमआयटी म्हणून देता येत नाही. अपाची २.० तिसऱ्या आवृत्तीच्या जीपीएलशी जमतो, दुसरीशी नाही. आणि 'फक्त दुसरी आवृत्ती' असं लिहिलेला कोड 'तिसऱ्या'शी एकत्र करून देता येत नाही. म्हणून फाइलीच्या डोक्यावर 'किंवा नंतरची कुठलीही आवृत्ती' हे शब्द आहेत का, ते डोळ्यांनी बघा. तेवढ्या चार शब्दांवर अख्खा प्रकल्प अडलेला मी पाहिलाय.

सॉफ्टवेअरमधून निघणारा माल वेगळा. काटापट्टी, हिशेब, शेतकऱ्यांची माहिती यांवर जीपीएल लागत नाही. जिंप या चित्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेलं लग्नाच्या पत्रिकेचं डिझाइन तुमचंच.

पायरी ३: 'देणं' होतंय का, ते ओळखा

प्रोग्रामसोबत त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल असा मूळ कोड, द्यायचा ही जीपीएलची अट दुसऱ्याला प्रत दिल्यावरच जागी होते. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या संस्थेत हवा तसा बदलून वापरलात तर कुणाला काही द्यायचं नाही.

आमच्याकडे लोक चुकतात ते इथं. दहा गावांच्या दहा शेतकरी उत्पादक कंपन्या एकाच प्रकल्पाखाली असतील, बैठकाही एकत्र होत असतील, तरी कायद्याच्या नजरेत त्या दहा वेगळ्या व्यक्ती आहेत. एकीकडून दुसरीला प्रत गेली की देणं झालं. मी सचिवांना प्रत दिली तेही देणंच. स्टार्टरचा डबा विकला, तर आतला प्रोग्रामही दिला. पेनड्राईव्हवर दिलं, मेलनं पाठवलं किंवा गिऱ्हाइकाच्या संगणकावर जाऊन बसवलं, फरक पडत नाही.

सर्व्हर तुमच्याकडे ठेवून लोकांना फक्त मोबाईलवरून वापरू दिलं, तर साध्या जीपीएलच्या दृष्टीनं प्रत गेलेली नसते. ही फट बुजवायला २००७ मध्ये एजीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तुम्ही प्रोग्राम बदलला असेल आणि लोक तो नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स मिळवायची सोय द्यावी लागते. गावोगावच्या संकलन केंद्रांसाठी एका सर्व्हरवर सेवा चालवणार असाल, तर निवडलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या नावात 'ए' हे एक जास्तीचं अक्षर आहे का, हे करार करण्याआधी पाहा.

पायरी ४: देताना पाकिटात काय घालायचं

सचिवांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, बाजूच्या कंपनीला देऊ शकता. मला विचारायचीही गरज नाही. आमच्या पहिल्या करारात मी "सॉफ्टवेअर इतरांस देऊ नये" असं कलम सवयीनं टाकलं होतं. जीपीएलखाली ते चालत नाही. मला मिळालेला हक्क गिऱ्हाइकाकडून काढून घेणारी जादा अट मी लावू शकत नाही. ते कलम काढलं आणि पैसे कशाचे ते नीट लिहिलं: बसवणं, शिकवणं, हंगामात काटा बंद पडला तर त्याच दिवशी येणं. प्रतीचेही पैसे घेता येतात, जीपीएल कुठलीही किंमत लावू देतो. पण ज्याला विकली तो ती पुढे फुकट देऊ शकतो, हे धरून हिशेब मांडा.

आता पाकीट. परवान्याचा पूर्ण मजकूर हवा, इंग्रजी मूळ. मराठीत सोपा गोषवारा जरूर द्या, आम्ही देतो, पण मूळच्या जागी नाही. मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या ओळी जशाच्या तशा ठेवा. तुम्ही बदल केला असेल तर तशी ठळक नोंद आणि तारीख.

आणि सोर्स कोड. हा म्हणजे नुसत्या फाइलींचा ढिगारा चालत नाही. त्या फाइलींवरून चालू प्रोग्राम पुन्हा बनवता यावा, त्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट आणि मांडणीसकट द्यायचा, आणि गिऱ्हाइकाकडे जी आवृत्ती आहे नेमक्या तिचाच. आम्ही प्रत्येक विक्रीच्या वेळी कोडवर खूण टाकतो आणि तोच क्रमांक डब्यावर चिकटवतो. वर्षभरानं कुणी मागितलं तर शोधाशोध होत नाही.

सोर्स देण्याचे मार्ग दोन-तीन आहेत. वस्तूबरोबरच द्या, किंवा प्रोग्राम जिथून उतरवायचा तिथंच सोर्सही ठेवा, किंवा लेखी हमी द्या. लेखी हमी निदान ३ वर्षं चालली पाहिजे, आणि तिसऱ्या आवृत्तीत तर तुम्ही सुटे भाग किंवा ग्राहकसेवा देत असाल तोवर. हमीचा मजकूर साधा असू शकतो:

"या उपकरणातला प्रोग्राम जीपीएल तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्याचा संपूर्ण सोर्स कोड, हा प्रोग्राम ज्याच्याकडे असेल त्याला, खरेदीपासून किमान ३ वर्षं आणि आम्ही सुटे भाग किंवा ग्राहकसेवा देत असेपर्यंत, फक्त प्रत पाठवण्याच्या खर्चात मिळेल. खालील पत्त्यावर मागावा."

माझं मत विचाराल तर हमीच्या भानगडीत पडू नका. हमी वर्षानुवर्षं सांभाळावी लागते, दुकान बदललं, नंबर बदलला की चुकते. डब्यात छोटं मेमरी कार्ड टाका, काम तिथंच संपतं.

घरगुती वापराच्या उपकरणांबाबत तिसरी आवृत्ती आणखी एक मागते: बदललेला प्रोग्राम त्याच उपकरणात पुन्हा घालता यावा, त्यासाठी लागणाऱ्या किल्ल्या आणि माहिती. शेतातला स्टार्टर घरगुती वस्तू आहे का यावर वाद घालता येईल. आम्ही कुलूपच लावत नाही.

हमीदारी नाकारणारा मजकूर जीपीएलमध्ये मोठ्या अक्षरात आहे, पण तो कायदा परवानगी देईल तेवढाच लागू. तुम्ही डबा विकलाय आणि त्यात दोष निघून शेतकऱ्याची मोटर जळली, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्हाला विचारेल. सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

पायरी ५: आपल्या कोडला परवाना लावा

मुळात लहानसं काम. परवान्याचा पूर्ण मजकूर एका फाइलमध्ये, प्रत्येक सोर्स फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटची ओळ (वर्ष, नाव) आणि 'जीपीएल तिसरी किंवा नंतरची आवृत्ती' अशी नोंद.

भारतात मात्र एक जास्तीची काळजी घ्या. कलम ३० नुसार परवाना लेखी हवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सही सक्तीची राहिली नाही, त्यामुळे फाइलीतला मजकूर हा परवाना धरायला अडचण उरत नाही. पण कलम ३०अ मुळे कलम १९ च्या तरतुदी, गरजेनुसार फेरफारासह, परवान्यांनाही लागू होतात. म्हणजे ती ५ वर्षांची आणि भारतापुरती गृहीतकं इथंही डोकावतात. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मुदत कॉपीराइटच्या पूर्ण काळाची असं स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्या आवृत्तीत तशी ओळ नाही. नवीन कामासाठी मी तिसरीच निवडतो, त्याचं हे एक कारण. शिवाय माहितीच्या फाइलमध्ये एक वाक्य टाकतो: "ही परवानगी जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे." यानं कुणावर जादा बंधन येत नाही, शंका तेवढी मिटते.

"व्यापारी वापरास मनाई" असं जीपीएलच्या खाली कधीच जोडू नका. ते बंधन ठरतं, आणि प्रत घेणाऱ्याला ते काढून टाकायचा हक्क तिसरी आवृत्तीच देते. तुमच्या दुकानाचं नाव आणि चिन्ह कोडच्या परवान्यात जात नाही, ते वेगळं राखा.

कोडशिवायचा मालही आपल्याकडे असतो. झाडीबोलीचे शब्द गोळा करत असाल, विहिरींच्या पातळीवर पुस्तिका लिहिली असेल, तर त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या, तसंच वाटा' हा परवाना लावा. मराठी विकिपीडियाचा मजकूर त्याच्याच ४.० आवृत्तीवर आहे. गावाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावरून घेतला, तर तिथला माहितीसाठा २०१२ पासून ओडीबीएल या वेगळ्या परवान्यावर आहे. श्रेयाची ओळ नकाशावर दिसलीच पाहिजे. मराठी फॉन्ट बहुधा ओपन फॉन्ट लायसन्सवर मिळतात, 'मुक्त' हा त्यातलाच. छापील पत्रिकेवर त्याची कसली अट नाही, पण बदललेला फॉन्ट त्याच परवान्यावर द्यायचा, आणि नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही.

पायरी ६: परवाना मोडला गेला तर

आधी आपल्या हातून मोडला असेल तर. नोटीस आली की घाबरून सगळं पुसू नका. जीपीएलची दुसरी आवृत्ती अट मोडताच परवाना संपवते. तिसरी सवलत देते: पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर परवाना पूर्ववत होतो. सोर्स द्या, ज्यांना प्रती दिल्या त्यांना कळवा, लेखी उत्तर पाठवा. लिंक्सिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स असून सोर्स दिलेला नव्हता. लोकांनी पाठपुरावा केला, २००३ मध्ये सोर्स बाहेर आला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. आज जगभरचे अनेक राउटर त्यावर चालतात.

दुसऱ्यानं आपला मोडला, तर पहिलं काम पुरावा. वस्तू बिलानं विकत घ्या. आतल्या प्रोग्राममधले आपले शब्द, चुकांसकट, काढून ठेवा, फोटो आणि तारखा ठेवा. संगणकावरचा पुरावा न्यायालयात मांडायला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या संगणकावर काम केलं त्याची नोंद ठेवा.

मग पत्र. कुठली कृती, आपला हक्क कशावरून, कुठली अट मोडली, काय हवं, किती दिवसांत. उत्तर नाहीच आलं तर कलम ५५ खाली मनाई आणि भरपाई मागता येते. कलम ६२ मुळे दावा तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, मुंबईला जायची गरज नाही. हेतुपुरस्सर उल्लंघनाला कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. लेखकाचं नाव आणि परवान्याच्या अटी जाणूनबुजून खरवडून काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैदेचा. ही कलमं माहीत असावीत, पण पोलिसांकडे आधी धावू नये असं मला मनापासून वाटतं. २०१५ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थांनी जी तत्त्वं मांडली, त्यांतही परवान्याचं पालन घडवणं हाच मुख्य हेतू आहे, पैसा काढणं नाही.

आमच्या स्टार्टरचा कोड दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विक्रेत्यानं नाव काढून आपल्या डब्यात घातला होता. मेसेजमधलं शुद्धलेखन आमच्याच विद्यार्थ्याचं, "मोटार बंद झालि", म्हणून ओळखू आला. मी एक डबा बिलानं घेतला आणि रजिस्टर पोस्टानं दोन पानी पत्र धाडलं: नाव परत लावा, परवान्याचा मजकूर डब्यात घाला, सोर्स द्या, ३० दिवस. पैसे मागितले नाहीत.

बाविसाव्या दिवशी पाकीट आलं, आत पेनड्राईव्ह. त्यांनी आमच्या कोडमध्ये बरंच काही बिघडवलं होतं, पण एक गोष्ट फार चांगली केली होती. विहिरीतलं पाणी संपलं की मोटर कोरडी चालते आणि करंट उतरतो, त्यावरून आमचा स्टार्टर ती बंद करायचा. रब्बीत एकाच डीपीवर सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, करंटचा हिशेब चुकतो आणि कोरडी मोटर ओळखूच येत नाही. त्यांनी करंटसोबत व्होल्टेजही मोजून मर्यादा त्याप्रमाणे हलती ठेवली होती. तो तुकडा त्यांच्या नावासकट आम्ही आमच्या कोडमध्ये घेतला. डिसेंबरपासून बसवलेल्या प्रत्येक स्टार्टरमध्ये तो चालतोय, आणि सचिवांच्या शेतातल्या जुन्या डब्यातही मी तो जाऊन घातला.